खालून येणारी थंडी : झोळी, गोधडी आणि हवेचा थर
(इयत्ता ४ थी व ५ वी, परिसर अभ्यास : एक पाठ)



दिवाळी सरते आणि बारामती व इंदापूर तालुक्यांत उसाचे गाळप सुरू होते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी या कारखान्यांच्या परिसरात बीड व अन्य जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. रानात, रस्त्याकडेला कोप्या उभ्या राहतात. पहाटेच्या अंधारात आईबाप कोयता घेऊन फडात जातात आणि मागे राहिलेले तान्हे मूल थोरल्या बहिणीच्या कडेवर येते. शिक्षणहक्क अधिनियम २००९ नुसार ती बहीण आपल्याच शाळेची विद्यार्थिनी होय. परंतु कडेवर मूल असताना तिने पाटी धरावी कशी, हा प्रश्न अधिनियमाने सुटत नाही. तो आपणच सोडवावयाचा आहे.

काही वर्षांपूर्वी पौष महिन्यात एका शाळेस मी भेट दिली होती. व्हरांड्यात दोन खांबांना लुगड्याची झोळी बांधली होती. चौथीतील एक मुलगी दर दहा मिनिटांनी उठून बाहेर जाई. शेवटी ती भावाला घेऊन कोपीकडे निघून गेली. हजेरीपत्रकात तिच्या नावापुढे बरीच रिकामी घरे दिसली. "विद्यार्थिनी अनियमित", असा शेरा मी लिहिला. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी तिला कारण विचारले. ती म्हणाली, "गुरुजी, अंगावर वाकळ घातली तरी त्याला खालून गार लागतंय. मग तो झोपत नाही." गुरुजींनी हे मला सांगितले तेव्हा माझा शेरा मलाच अपुरा वाटला. अडचणीचे नेमके निदान त्या मुलीने केले होते. प्रस्तुत पाठ त्या निदानावर आधारलेला आहे.

हेतू : स्थिर हवा उष्णता धरून ठेवते आणि दबलेल्या पांघरुणाची ऊब कमी होते, हे मुलांनी स्वतः पडताळून पाहावे.

साहित्य : एक गोधडी, गोधडीचे सारख्या जाडीचे दोन तुकडे, जुन्या कापडाच्या तीन छोट्या झोळ्या, सारख्या तीन बाटल्या, कोमट पाणी, तापमापी, मोजपट्टी.

पूर्वज्ञान : थंडीत घरी काय अंथरतात व काय पांघरतात ते विचारावे. गोधडी, वाकळ, घोंगडी, चादर असे शब्द येतील, ते फलकावर लिहावेत. मग विचारावे, "गोधडीत शेगडी नसते, मग ऊब येते कोठून?" उत्तर देण्याची घाई करू नये.

प्रयोग पहिला : गोधडीची चौपदरी घडी करून मोजपट्टीने तिची उंची मोजावी. तिच्यावर एका मुलास बसवावे व पुन्हा मोजावे. उंची कमी भरेल. "कापड तेवढेच आहे, मग कमी काय झाले?" थोड्या विचाराने मुले सांगतील की, मधली हवा निघून गेली.

प्रयोग दुसरा : तिन्ही झोळ्या व्हरांड्यात सकाळच्या वाऱ्यात बांधाव्यात. बाटल्यांत सारखेच कोमट पाणी भरून एकेक बाटली प्रत्येक झोळीत ठेवावी व वरून तिन्हींवर सारखेच कापड घालावे. पहिल्या झोळीस गोधडी नसावी. दुसऱ्या झोळीत गोधडीचा तुकडा बाटलीखाली अंथरावा. तिसऱ्या झोळीत तसाच तुकडा बाहेरून, झोळीच्या पोटाखाली चारही कोपऱ्यांना दोऱ्या लावून टांगावा. तो झोळीस हलकेच टेकावा, परंतु बाटलीच्या भाराने दबू नये. दर दहा मिनिटांनी तापमान घेऊन मुलांनी वहीत तक्ता भरावा. फरक थोडा पडला तरी जसा दिसला तसाच लिहावा, अपेक्षेप्रमाणे आकडे बदलू नयेत.

विवेचन : आपले शरीर सुमारे ३७ अंश सेल्सिअस तापमानाचे असते व थंडीत सतत उष्णता गमावते. गोधडी उष्णता निर्माण करीत नाही, ती केवळ अडविते. हे काम धाग्यांपेक्षा त्यांच्यामध्ये अडकलेली हवा अधिक करते. जमिनीवर निजणाऱ्यास खालून जमीन गार लागते. झोळीत निजणाऱ्यास खालून वारा लागतो. झोळीत अंथरलेली गोधडी बाळाच्या वजनाने दबते, तिच्यातील हवा निघून जाते आणि पाठीस थंडी लागते. म्हणून अंगावर दोन वाकळा घालूनही बाळ रडते. तीच गोधडी झोळीबाहेर टांगली की ती फुललेली राहते व वाराही अडविते.

ओल्या गोधडीचेही असेच आहे. पाणी स्थिर हवेच्या सुमारे २४ पट उष्णता वाहून नेते. म्हणून ओलावलेले दुपटे तत्काळ बदलावे आणि गोधड्या रोज उन्हात घालाव्यात. उन्हाने त्या कोरड्या होतात व पुन्हा फुगतात.

येथे मुलांना उजनी जलाशयाकडे न्यावे, प्रत्यक्ष नसल्यास बोलण्यातून. भिगवण, कुंभारगाव परिसरात हिवाळ्यात पट्टकादंब हंस हिमालयापलीकडून येतात. त्यांच्या वरच्या पिसांखाली अतिशय मऊ, फुललेली लव असते व तिच्यात पुष्कळ हवा अडकते. माणसानेही हे तत्त्व उचलले. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच यांनी पक्ष्यांच्या लवेने भरलेला कोट वापरला होता. आज डोंगरात झाडांना झोळी बांधून मुक्काम करणारे हौशी प्रवासी अशाच लवेची रजई झोळीच्या खाली टांगतात. ती रजई महाग असते. परंतु तिचे मर्म किमतीत नसून फुगलेल्या, न दबलेल्या हवेच्या थरात आहे आणि तो थर गोधडीतही मिळतो.

उपयोजन : गावातील साधनांची यादी मुलांकडून करून घ्यावी. जुन्या लुगड्यांची गोधडी सर्वांत सोयीची. आपल्या भागातील धनगर बांधवांकडील मेंढ्यांची लोकर भरडी असली तरी भरणास चांगली, मात्र ती धुऊन वाळवून घ्यावी. उन्हाळ्यात सावरीची बोंडे फुटतात. त्यांतील कापूस हलका व फुलणारा असतो, तो घट्ट विणीच्या खोळीत भरून पुढील हिवाळ्यासाठी ठेवावा, म्हणजे तंतू बाळाच्या नाकात जाणार नाहीत. कोपीत जमिनीवर निजणाऱ्यांनी उसाच्या कोरड्या पाचटाचा जाड थर, त्यावर पोते व त्यावर वाकळ अंथरावी. पाचट चुलीपासून दूर असावे.

सावधगिरी : ऊब देण्यासाठी झोळीखाली निखारे अथवा शेगडी कधीही ठेवू नये. आगीचे भय तर आहेच, शिवाय बंद कोपीत कोळशाचा वायू प्राणघातक ठरतो. बाळाचे तोंड झाकू नये. मानेस घाम आल्यास पांघरूण कमी करावे. झोळीच्या गाठी रोज तपासाव्यात. झोळी जमिनीपासून फार उंच बांधू नये व बाळ मोठ्या माणसाच्या नजरेआड ठेवू नये. रात्री तान्ह्या मुलास सपाट अंथरुणावर उताणे निजवावे. दिवसाही बाळ झोपी गेल्यावर शक्य तर तसेच करावे.

फलकलेखन : १. गोधडी ऊब देत नाही, ऊब अडविते. २. अडविणारी वस्तू म्हणजे स्थिर हवा. ३. दबलेली व ओली गोधडी कमी ऊबदार.

उपरोक्त शाळेतील गुरुजींनी गावातून एक जुनी गोधडी मागून आणली व त्या मुलीच्या हातूनच ती झोळीखाली बांधविली. पुढील भेटीत मी गेलो तेव्हा व्हरांड्यात बाळ निजले होते, गुरुजींचे एक लक्ष त्याच्याकडे होते आणि बहीण आत भागाकार करीत होती. हजेरीतील रिकामे घर पाहून शेरा लिहिण्यापूर्वी आपण एकदा व्हरांड्यात जाऊन झोळीखाली हात लावून पाहावा, एवढेच माझे सांगणे आहे.