डोकं एकच आहे

बॉक्सिंगही करायचंय आणि पदवीही घ्यायचीय, असं म्हणत पोरं-पोरी माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न वेळेचा असतो. पहाटे सराव, दिवसा कॉलेज, संध्याकाळी पुन्हा सराव, मग अभ्यास कधी करायचा? वेळ निघतो. पहाटे मैदानावर घाम गाळून रात्री अभ्यासिकेत बसणारी मुलं पुण्यात रोज दिसतात. माझी काळजी वेगळी आहे. ज्या डोक्याने अभ्यास करायचा, त्याच डोक्यावर ठोसे बसतात. हे मला वेळेवर कुणी सांगितलं नाही, म्हणून लिहितोय.

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना माझी एक व्यावसायिक लढत ठरली. परीक्षा तोंडावर होती. स्पारिंगला समोर माझ्यापेक्षा वरच्या वजनाचा मुलगा होता. त्याचा उजवा ठोसा कानशिलावर बसला. मी पडलो नाही, आणि घात तिथेच झाला. पडलो असतो तर सराव थांबला असता. डोकं गरगरतंय म्हणालो, तर तोंडावर पाणी मारून पुढचा राऊंड करायला लावलं. त्या रात्री कॉस्टिंगचं पुस्तक उघडलं. ओव्हरहेडच्या वाटपाची जी गणितं मी एरवी सहज सोडवायचो, त्यांत एका रकान्यातला आकडा दुसऱ्या रकान्यात लिहीपर्यंत विसरत होतो. ट्यूबलाइटचा उजेड डोळ्यांत खुपत होता. आईला वाटलं, नंबर लागला असेल. पेपरात तेच झालं आणि विषय राहिला. ‘बॉक्सिंगच्या नादात अभ्यास केला नाही,’ असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. तो मेंदूला बसलेला हादरा होता, हे डॉक्टरांकडून कळलं तोवर निकाल लागून गेला होता.

म्हणून पहिली गोष्ट: डोकेदुखी, मळमळ, उजेडाचा त्रास, वाचलेलं लक्षात न राहणं, विनाकारण चिडचिड, यांतलं काहीही ठोसा बसल्यानंतर जाणवलं, तर त्याच क्षणी ग्लोव्हज काढा. शुद्ध हरपायलाच हवी असं नाही. त्या अवस्थेत दुसरा मार बसला, तर क्वचित जीवावरही बेततं. हौशी बॉक्सिंगच्या नियमांत डोक्यावरच्या मारामुळे लढत थांबली तर किमान 30 दिवस विश्रांती सांगितली आहे, आणि त्यात स्पारिंगही बंद. पण सरावात बसलेला मार नोंदवतो कोण? तो तुम्हीच कोचला, घरी आणि डॉक्टरांना सांगायचा. औषधाची गोळी घेऊन दुखणं दाबू नका. परीक्षेच्या महिन्यात माझ्याकडे कुणाचंही स्पारिंग होत नाही. पॅड, बॅग, दोरी, पायांचं काम, धावणं, एवढ्यावर फॉर्म नीट टिकतो.

वजनाचंही तसंच. हौशी स्पर्धेत लढतीच्या दिवशी सकाळी वजन होतं, व्यावसायिक लढतीत आदल्या दिवशी. मधे भरून काढायला वेळ मिळतो म्हणून व्यावसायिक बॉक्सर जास्त वजन उतरवायच्या मोहात पडतो. प्लास्टिकचं जाकीट घालून दोरीवर उड्या, पाणी बंद, शेवटचे काही ग्रॅम घालवायला बादलीत थुंकत बसणं, हे सगळं मी पाहिलंय आणि केलंय. असं आटलेलं शरीर ठोसे सोसायला कमकुवत असतं, आणि त्या दिवसांत डोक्यात अक्षर शिरत नाही. वजन उतरवण्याच्या आठवड्यात पेपर येत असेल, तर ती लढत घेऊ नका. व्यावसायिक लढतीचे फोन अनेकदा ऐन वेळी येतात, कुणीतरी दुखापतीने बाहेर गेलेला असतो. ‘नाही’ म्हटलं की संधी गेली, असं वाटतं. लढत पुन्हा मिळते, हुकलेल्या पेपरासाठी मात्र पुढच्या सत्राची वाट बघावी लागते.

व्यावसायिक व्हायची घाई तर अजिबात नको. पुण्याच्या मनोज पिंगळेंनी 1988चं सोल ऑलिंपिक गाठलं आणि देविका घोरपडेने 2022मध्ये स्पेनला युवा जागतिक सुवर्ण जिंकलं, ते हौशी बॉक्सिंगच्या वाटेने. कॉलेजात असताना ही वाट तुमच्या दारातून जाते: आंतरमहाविद्यालयीन, आंतरविभागीय, मग आंतरविद्यापीठ. राज्य सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षणही मान्यताप्राप्त स्पर्धांतल्या कामगिरीवर मिळतं, आणि त्या प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी होते. व्यावसायिक लढतींचा रेकॉर्ड तिथे चालत नाही. प्रमाणपत्रं सांभाळा, पडताळणी वेळेत करून घ्या.

पदवी तीन वर्षांतच झाली पाहिजे, हा हट्ट सोडा. नव्या शैक्षणिक धोरणामुळे श्रेयांकांची बँक आली आहे. मिळवलेले श्रेयांक त्यात जास्तीत जास्त सात वर्षं राहतात. मोठी स्पर्धा असेल त्या वर्षी थांबून पुन्हा सुरुवात करता येते. हजेरीची अडचण असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे. क्लिचको बंधूंचं उदाहरण मी मुलांना आवर्जून सांगतो. विटाली आणि व्लादिमीर दोघेही हेवीवेट जगज्जेते, आणि दोघांनीही क्रीडाविज्ञानात डॉक्टरेट घेतली. शिक्षणाचा विषय त्यांनी आपल्या खेळाच्या जवळचा निवडला. शारीरिक शिक्षण, फिजिओथेरपी, आहारशास्त्र अशा विषयांत बॉक्सरची आवड आपोआप टिकते.

सत्र सुरू होताच विद्यापीठाचं वेळापत्रक आणि स्पर्धांच्या तारखा एकाच कागदावर लिहा. तो कागद जिमखान्याच्या सरांना, वर्गशिक्षकांना आणि कोचला एकाच दिवशी द्या. स्पर्धा झाल्यावर रजेचा अर्ज घेऊन गेलात, तर नियमाबाहेर मदत करायची इच्छा असूनही शिक्षकांचे हात बांधलेले असतात.

आणि पालकांना एक विनंती. मुलाचे गुण अचानक घसरले, तो चिडका झाला, अंधाऱ्या खोलीत पडून राहू लागला, तर आळशी म्हणून रागावण्याआधी त्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या, आणि शेवटचं स्पारिंग कधी झालं होतं ते विचारा.