भुलेची खोली

विद्यार्थ्यांनो, शस्त्रक्रियेपूर्वी दिलेली भूल उथळ राहिल्यास रोगी जागा होतो. अति खोल गेल्यास श्वास मंदावतो. १८४८ साली इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिला असता दगावली. पुढे १९२० साली अमेरिकेतील डॉ. ग्युडेल यांनी श्वास, बुबुळे व स्नायू यांवरून ईथरच्या भुलीच्या चार अवस्था वर्णिल्या. आज मेंदूच्या विद्युत्-लहरींवरून ० ते १०० असा अंक दाखविणारी यंत्रे आहेत. परंतु ती प्रौढांच्या मेंदूवरून बेतलेली असल्याने तान्ह्या बालकांत तो अंक भरवशाचा नसतो. म्हणून भूलतज्ज्ञ उच्छ्वासातील औषधाचे प्रमाण, नाडी व रक्तदाब यांवर अखंड नजर ठेवितात. तान्ह्यास आपली वेदना सांगता येत नाही. ती दुसऱ्याने ओळखावी लागते, हेच आम्हांस या शास्त्राचे मर्म वाटते.