मापावरून वजन काढणे
(इयत्ता चौथी व पाचवीसाठी प्रात्यक्षिक पाठ)

रोहिणखेडच्या परिसरातील जुन्या घरांतून पायली, मापटे, चिपटे ही मापे अद्यापि फडताळात पडलेली आढळतात. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर व चार शेरांची पायली हे कोष्टक आजीला मुखोद्गत असते. नातवास किलोग्रॅम तेवढा ठाऊक. ‘शेर’ हा शब्द मात्र दोन अर्थांनी चाले. ज्वारी शेराने मापून देत, गूळ शेराने तोलून देत. तोलण्याचा शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. मापाच्या शेरात किती वजन मावेल, हे आत काय भरले यावर अवलंबून. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती आली व शेर मागे पडला. परंतु तोच घोटाळा आता लिटर व किलोग्रॅम यांच्यात होतो. ‘एक लिटर म्हणजे एक किलो’ असे मुले बेलाशक सांगतात. ते पाण्यापुरते खरे आहे.

हा पाठ फळ्यावर न शिकविता शाळेच्या स्वयंपाकगृहात शिकवावा. तांदूळ घेण्याचा डबा आणून प्रथम रिकामा तोलावा, नंतर काठोकाठ पाणी भरून तोलावा. समजा, रिकामा डबा १५० ग्रॅम व पाण्यासह १,१५० ग्रॅम भरला. तर तो एक लिटरचा ठरला. आता तो पुसून, पूर्ण कोरडा करून तांदूळ भरावा. शीग ठेवू नये, डबा आपटू नये. काठावरून पट्टी फिरवावी. वजन ९५० ग्रॅम आले, तर तांदूळ ८०० ग्रॅम झाला.

पोषण आहार योजनेत पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलास दररोज १०० ग्रॅम धान्य विहित आहे. पन्नास मुले हजर असता पाच किलो तांदूळ हवा. डब्याला किलो समजून पाच डबे घातले, तर चारच किलो शिजतो व प्रत्येक मुलाच्या वाट्याला ८० ग्रॅम येतात. वहीत पाच किलो, पातेल्यात चार! योग्य माप ५,००० भागिले ८००, म्हणजे सव्वासहा डबे. स्वयंपाक करणाऱ्या बाईंना दोष देण्याचे कारण नाही; त्यांच्या हाती डबाच दिलेला असतो. तेलही असेच. मुलामागे ५ ग्रॅम, म्हणजे पन्नास मुलांस २५० ग्रॅम. पण तेल पाण्याहून हलके असल्याने मापाने ते सुमारे २७५ मिलिलिटर घ्यावे लागते.

पीठ सर्वांत फसवे. चाळून अलगद भरलेले आणि दाबून भरलेले पीठ एकाच वाटीत निरनिराळ्या वजनाचे भरते. मुलांकडून दोन्ही तोलून घ्यावे. दिवाळीपूर्वी घरचे जिन्नस नेऊन भट्टीवर नानकटाई भाजून आणण्याचा प्रघात अनेक गावी आहे, त्याचे उदाहरण मुलांना आवडेल. २४० मिलिलिटरच्या वाटीत मैदा सुमारे १२५ ग्रॅम, तर साखर सुमारे २०० ग्रॅम मावते. तेव्हा ‘समभाग’ म्हणून वाटीस वाटी घेतल्यास साखर मैद्याच्या दीडपटीहून अधिक पडते व नानकटाई पसरते.

तांदळाच्या जातीनुसार व ओलाव्यानुसार डब्याचे वजन थोडे बदलते. म्हणून नवे पोते उघडताच पुन्हा तोलावे, आणि आलेला आकडा तारखेसह डब्यावर चिकटवावा.