शब्दबोध : ‘डिप्रॅव्हिटी’ म्हणजे काय?

इंग्रजी धर्मग्रंथांत मनुष्याच्या नैतिक भ्रष्टतेविषयी ‘डिप्रॅव्हिटी’ हा शब्द वारंवार येतो. शिक्षकबंधूंनी त्याचे मूळ ध्यानात घेतले, तर उपदेशातील एक मोठी चूक टळेल.

१. शब्दाचे मूळ. लॅटिन भाषेत ‘प्रावुस’ म्हणजे वाकडा. त्यापासून वाकडे करणे, बिघडविणे ह्या अर्थाचे क्रियापद झाले, व ते फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आले. पूर्वी त्याचा निंदा करणे असाही अर्थ होत असे. इंग्लंडातील उपासनेसंबंधीच्या १५५९ च्या कायद्यात तो आढळतो. सरळ गोष्टीला वाकडे रूप देणे, हीच निंदा नव्हे काय?

२. शास्त्राची भाषा. स्तोत्र ५१ मध्ये पापासाठी जे इब्री शब्द आहेत, त्यांपैकी ‘आवोन’ ह्याचा संबंध वाकणे ह्या अर्थाच्या धातूशी आहे. लूक ३:५ मध्ये वाकड्या वाटांना जो ग्रीक शब्द लाविला आहे, तोच प्रेषितांची कृत्ये २:४० व फिलिप्पैकरांस २:१५ येथे माणसांच्या पिढीला लाविला आहे.

३. गैरसमज. नेदरलँड्समधील डॉर्ट येथे १६१८-१९ साली भरलेल्या धर्मसभेने मनुष्याच्या भ्रष्टतेविषयी शिकवण मांडली. पुढे तिचा सारांश ‘टोटल डिप्रॅव्हिटी’, म्हणजे संपूर्ण भ्रष्टता, असा सांगण्याचा प्रघात पडला. ह्यावरून कित्येक जण म्हणतात की, मनुष्यात चांगले काहीच नाही. पण तसा त्याचा अर्थ नव्हे. बुद्धी, इच्छा, भावना ह्यांपैकी एकही भाग पापाच्या स्पर्शावाचून राहिला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

गाडीचा लोखंडी आस वाकला, म्हणजे चाके शाबूत व बैल धष्टपुष्ट असले तरी गाडी नीट चालत नाही. म्हणून ती गाडी कोणी सरपणात घालीत नाही. पण आस आपला आपण सरळ होत नाही. त्याला भट्टी व लोहाराचा हात लागतो.

४. बोध. जे वाकडे झाले, ते आधी सरळ घडविलेले होते. म्हणून शेजाऱ्याला ‘हा मुळातच वाईट’ असे म्हणू नये. तो देवाच्या हातचा घडलेला आहे. तसेच आपल्या सत्कृत्यांचा अभिमानही बाळगू नये; त्यांतही वाक असतो. जो शिक्षक पहिलेच सांगतो, तो लोकांस निश्चिंत करितो. जो दुसरेच सांगतो, तो त्यांस निराश करितो. दोन्ही सांगावी.

मननासाठी प्रश्न : (१) आपल्या चांगल्या कामांत स्वार्थाचा वाक कोठे दिसतो? (२) गावातील कोणाविषयी आपण आशा सोडली आहे?