गोळ्यांची सवय लागेल का?

प्रश्न : माझे पती ४६ वर्षांचे आहेत. दोन महिने झाले, पहाटे तीनलाच जाग येते, जेवण जात नाही, दुकानात बसवत नाही. सासूबाई म्हणतात, दृष्ट लागली. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं का? गोळ्यांची सवय लागेल अशी भीती वाटते.

उत्तर : न्या, आणि याच आठवड्यात. अशी लक्षणं दोन आठवड्यांहून जास्त टिकली की नैराश्याची शंका घ्यावी लागते. दृष्ट काढायची तर खुशाल काढा, सासूबाईंशी वाद नको. पण अपॉइंटमेंट चुकवू नका. डॉक्टर आधी सविस्तर बोलतील, कदाचित थायरॉइडही तपासायला सांगतील.

नैराश्यावरच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. गुण यायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात आणि नेमके तेव्हाच लोक ‘काही फरक नाही’ म्हणून त्या सोडतात. बरं वाटल्यावरही मनाने बंद करू नका. झोपेच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. त्यांची सवय लागू शकते. मेडिकलमधून परस्पर आणू नका.

‘जगणं नकोसं वाटतं का?’ हे त्यांना सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर एकटं सोडू नका, लगेच रुग्णालय गाठा. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.