रिग भाड्याने की विकत? स्कायडायव्हिंग शिकायला निघालेल्या नव्या मंडळींसाठी

पुण्याजवळच्या मुळशीतल्या भरे, पिरंगुट, घोटावडे फाटा या पट्ट्यातून शिकायला किंवा नोकरीला अमेरिकेत आलेली मुलं-मुली पहिला उन्हाळा लागला की आम्हा जुन्या घरांना विचारतात, ‘काका, पॅराशूट विकत घेऊन टाकू का?’ पुण्याच्या शीतल महाजन यांनी 2004 मध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते ऐकत वाढलेल्या पिढीला ही हौस असणारच, आणि ती आम्हाला मनापासून आवडते. आमच्या घरांतूनही काहीजण उड्या मारतात. त्या सगळ्यांशी बोलून हे लिहिलं आहे.

लायसन्स हातात येईपर्यंत रिग, म्हणजे हार्नेस, मुख्य आणि राखीव छत्री असा पाठीवरचा पूर्ण संच, घेऊ नका. यूएसपीए या इथल्या स्कायडायव्हिंग संघटनेच्या ‘ए’ लायसन्सला किमान 25 उड्या लागतात. तोवर शिकाऊ सामान बहुतेक ड्रॉप झोन (उड्यांची केंद्रं) कोर्सच्या फीमध्येच देतात. त्या छत्र्या मुद्दाम मोठ्या असतात, 230 ते 280 चौरस फुटांच्या. पुढे तुम्ही त्याहून लहान छत्रीवर येणार, म्हणजे आज घेतलेली छत्री चार महिन्यांत नकोशी होणार. भाड्याच्या सामानात 230, मग 210, मग 190 असं उतरत जाता येतं आणि आपल्याला काय झेपतं ते जमिनीवर उतरतानाच कळतं.

इथे एक सवय घात करते. आपल्याकडे शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतात, तसाच विचार करून काहीजण ‘पुढे लागेल’ म्हणून आत्ताच लहान, वेगवान छत्री घेतात. हे अजिबात करू नका. हिशेब सोपा आहे. तुमचं वजन 65 किलो, सामान आणि कपडे साधारण 12 किलो, एकूण 77 किलो, म्हणजे सुमारे 170 पौंड. नवख्याने छत्रीच्या दर चौरस फुटाला एक पौंडापेक्षा जास्त भार घेऊ नये, अशी यूएसपीएची शिफारस आहे. म्हणजे 170 चौरस फूट ही तुमची शेवटची मर्यादा झाली. पहिली स्वतःची छत्री 190 ची असेल तर आम्हाला रात्री झोप लागेल. छत्री धडधाकट उघडलेली असताना, जमिनीजवळ घाईने वळण घेतल्यामुळे माणसं जखमी होतात आणि दगावतातही. लहान छत्रीवर ती चूक सावरायला वेळ उरत नाही.

आता पैशांचं. भाडं उडीमागे 30 डॉलर धरा आणि बरी, वापरलेली रिग 4,500 डॉलरला मिळाली असं धरा. भागाकार केला तर 150 उड्या झाल्या. महिन्यातून दोन शनिवार, दर शनिवारी तीन उड्या आणि न्यू जर्सीसारख्या थंड भागात सात महिन्यांचा हंगाम, म्हणजे वर्षाला 42. रिगचे पैसे वसूल व्हायला साडेतीन वर्षं लागली. त्यात राखीव छत्रीचा खर्च वेगळा. तुम्ही उडी मारा न मारा, इथल्या नियमाप्रमाणे ती दर 180 दिवसांनी परवानाधारक रिगरकडून उघडून, तपासून पुन्हा घडी घालून घ्यावीच लागते. रिग नीट ठेवली तर पुढे विकून बरेच पैसे परत येतात, हेही खरं. पण एच-वनबी व्हिसावर नोकरी गेली तर नवी शोधायला किंवा देश सोडायला हातात जास्तीत जास्त 60 दिवस असतात. पहिल्या वर्षी एवढी रक्कम पाठीवरच्या पिशवीत अडकवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मग घ्यायचं काय? हेल्मेट, गॉगल आणि मनगटावरचा अल्टिमीटर. हे अंगाला बेतून लागतं, कुठल्याही रिगबरोबर चालतं, आणि रोज तोच अल्टिमीटर पाहिला की उंची वाचायची नजर बसते. रिग त्यानंतर, शक्यतो वापरलेली. कोऱ्या झीरो-पोरोसिटी कापडाची छत्री इतकी निसरडी असते की नवशिक्याला तिची घडी घालणं फार अवघड जातं. काहीशे उड्या झालेली छत्री त्या मानाने हाताला बसते.

वापरलेली घेताना विक्रेता कितीही ओळखीचा असो, मराठी मंडळातला असो, पैसे देण्याआधी ती आपण निवडलेल्या रिगरला दाखवा. हार्नेस आपल्या मापाचा आहे का, दोऱ्या किती झिजल्यात, राखीव छत्री कोणत्या सालची, तिच्यासोबतच्या कार्डावर कोणाच्या नोंदी आहेत, हे तो पाहील. एएडीची तारीख मात्र स्वतः वाचा. तुम्ही वेगाने पडतच राहिलात तर हे यंत्र सुमारे 750 फुटांवर राखीव छत्री आपोआप उघडतं. सायप्रेस-2 या एएडीच्या अलीकडच्या यंत्रांचं आयुष्य साडेपंधरा वर्षं. स्वस्त रिगमधलं यंत्र पुढच्याच वर्षी बाद होणार असेल तर ती रिग स्वस्त नाही, कारण नव्या यंत्राला हजार डॉलरच्या वर जातात.

पहिल्या उडीआधी विम्याची कागदपत्रं वाचा. आयुर्विम्यात स्कायडायव्हिंग अनेकदा वगळलेलं असतं, आणि आरोग्य विम्याचं उत्तर कंपनीकडून लेखी घ्या. घरी आई-वडिलांनाही सांगा. फोटो पाहून त्यांना कळावं, हे बरं नाही.

सुट्टीत रिग गावी न्यायचा मोह होतो. भारतात नियमित उड्या होणाऱ्या जागा मोजक्याच, हरियाणातलं नारनौल त्यातली एक. तिथे आधी बोलून ठेवलं असेल तरच न्या. रिग केबिनमध्ये ठेवा, सोबत बिल आणि एएडीचं कार्ड असू द्या, विमानतळावर अर्धा तास जास्त हाताशी ठेवा. नुसती नातेवाइकांना दाखवायला न्यायची असेल तर इथेच, अंधाऱ्या कोरड्या कपाटात राहू द्या. मुळशीच्या पावसाळ्यात बंद खोलीतल्या गाद्यांनाही बुरशी येते, आणि ओल धरलेली छत्री रिगर पुन्हा बांधून देणार नाही.