उत्क्रांती शिकली, म्हणून देव सोडायचा?

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. उत्क्रांतीचा धडा वाचल्यापासून देवापुढे दिवा लावताना अडखळते. 'दोन्ही कसं खरं असेल?' विचारते. काय सांगू?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, घाबरू नका. माणूस आजच्या माकडापासून झाला, असं उत्क्रांती म्हणत नाही. आपला आणि चिंपांझीचा पूर्वज साधारण ६०-७० लाख वर्षांपूर्वी एकच होता. सजीव कसे बदलले, ते विज्ञान सांगतं. देव आहे का, याचा निवाडा ते करत नाही. डार्विनचे अमेरिकेतले खंदे समर्थक, वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे श्रद्धाळू ख्रिस्ती होते. आस्तिक माणूस उत्क्रांती मानू शकतो, असं खुद्द डार्विननं १८७९ मध्ये एका पत्रात लिहिलं. मात्र दशावतारातले मत्स्य-कूर्म दाखवून तिची समजूत घालू नका. तो शास्त्रीय पुरावा नव्हे. धडा तिच्यासोबत वाचा. दिव्याचं तिचं तिला ठरवू द्या.